ओढणं वेगळं, पेलणं वेगळं: पिकअप ट्रक आणि फिफ्थ-व्हील ट्रेलरची जोडी जमवताना

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राचा फोन आला तेव्हा त्याचा आनंद आवाजात मावत नव्हता. "अरे, घेतला एकदाचा ट्रेलर! फिफ्थ-व्हील. पूर्ण भरला तरी तेरा हजार पाउंड. आपला ट्रक पंधरा हजार ओढतो, म्हणजे दोन हजार अजून हाताशी आहेत." विकणाऱ्यानेही कागदावर हीच वजाबाकी करून दाखवली होती. तीन आठवड्यांनी मी आणि तो एका ट्रक स्टॉपवर उभे होतो. मुलं मागच्या सीटवर, वहिनी दार उघडून आमच्याकडे बघत होत्या आणि मित्राच्या हातात वजनकाट्याची चिठ्ठी होती. ट्रकवर मर्यादेपेक्षा १,२२० पाउंड, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो जास्त भार होता.

आणि तरीही ट्रेलर ओढायची ताकद शिल्लक होती. इंजिन कुरकुरलं नव्हतं, चढावर वेग पडला नव्हता. भार जास्त झाला तो ट्रकच्या पाठीवर.

अमेरिकेत आणि कॅनडात पिकअप आणि फिफ्थ-व्हीलची जोडी जमवताना होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. 'किती ओढतो' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, 'किती पेलतो' हा कुणी विचारत नाही. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत दहातल्या नऊ वेळा पेलण्याची मर्यादाच आधी संपते, असं मी माझ्या ओळखीतले ट्रक बघून सांगेन. म्हणून हा लेख मुख्यतः पेलण्याबद्दल आहे.

फिफ्थ-व्हील म्हणजे काय, हे आधी. आपण नेहमी बघतो तो साधा प्रवासी ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखाली, गोळ्यावर अडकवतात. फिफ्थ-व्हीलचं तोंड मात्र पुढे उंच झुकलेलं असतं आणि ते थेट ट्रकच्या हौद्यात येऊन बसतं. त्या तोंडाखाली दोन इंच जाडीची पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. हौद्यात घट्ट बसवलेल्या जोडणीच्या, म्हणजे 'हिच'च्या, जबड्यात ती खुंटी अडकते. न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. पुढचा 'घोडा' आणि मागचा ट्रेलर यांना जोडणारी रचना मुळात हीच. नाव आलं घोडागाडीवरून. चार चाकं जमिनीवर, आणि पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवं बसवलेलं एक चाक. ते पाचवं.

आता या रचनेचा गुण आणि तिची किंमत, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. खुंटी ट्रकच्या मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. बंपरखाली जोडलेला ट्रेलर आसाच्या चार-पाच फूट मागून ढकलाढकली करतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वारा आला, की शेपूट हलावी तसा ट्रेलर ट्रकला हलवतो. फिफ्थ-व्हील तसा डोलत नाही. तो ट्रकच्या मागच्या आसावरच बोजा टाकून शांत चालतो. पण त्यासाठी तो आपल्या वजनाचा मोठा वाटा ट्रकच्या पाठीवर ठेवतो.

बैलगाडी भरलेली ज्याने पाहिली असेल त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. भार मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते, तोंड वर उचलतं, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. भार पुढे जास्त झाला की जू मानेत रुततं. जाणता गाडीवान थोडासा भार मानेवर येईल असा माल रचतो, कारण तेवढा भार असला तरच गाडी सरळ चालते. ट्रेलरचंही तेच. साध्या ट्रेलरने आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर टाकावा लागतो. फिफ्थ-व्हीलमध्ये हा वाटा साधारण २० ते २५ टक्के असतो. याला पिन वेट म्हणतात. बारा हजार पाउंडांचा ट्रेलर म्हणजे चोवीसशे ते तीन हजार पाउंड सरळ ट्रकच्या हौद्यात. म्हणजे हजार-दीड हजार किलोचा माल तुम्ही ट्रकमध्ये भरलात, असंच समजायचं. मागे चाकं असलेलं घर आहे की सिमेंटच्या गोण्या आहेत, याच्याशी ट्रकच्या स्प्रिंगला काही देणंघेणं नाही.

दारावरचं स्टिकर

ट्रक किती पेलतो हे शोधायला इंटरनेटवर जायची गरज नाही. चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर दोन स्टिकरं असतात. त्यातलं पिवळ्या पट्ट्याचं टायर आणि भाराच्या माहितीचं असतं. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलो किंवा अमुक पाउंडांच्या वर कधीही जाऊ नये. हा आकडा म्हणजे तुमच्या ट्रकचा पेलोड. तुमच्याच ट्रकचा, त्या मॉडेलच्या सगळ्या ट्रकांचा मिळून एक नव्हे. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा ट्रक असेल आणि त्याच्या दारावर पाचशे पाउंड जास्त लिहिलेले असतील, हे अगदी शक्य आहे. चार दारांची केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, छतातली काच, गरम होणाऱ्या चामड्याच्या सीटा, बाजूला पाय ठेवायच्या पायऱ्या, या प्रत्येक गोष्टीला वजन आहे आणि ते पेलोडमधून वजा होतं. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येकशे पाउंडांनी जड असतं. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते: डिझेल घेतलं की ट्रक ओढतो जास्त आणि पेलतो कमी.

माझ्या मित्राचं असंच झालं. त्याने तीन-चतुर्थांश टन वर्गाचा, डिझेलचा, वरच्या श्रेणीचा ट्रक घेतला होता. दारावर आकडा होता २,३०० पाउंड. त्याने तो कधी वाचलाच नव्हता.

या वर्गांच्या नावांबद्दल एक खुलासा. अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही नावं जुन्या काळी ट्रक किती माल नेतो यावरून पडली. आज ती नुसती नावं आहेत. फोर्डचा एफ-१५०, शेव्हरोलेचा सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५०० हे अर्ध्या टनाचे. २५० किंवा २५०० म्हणजे पाऊण टनाचे. ३५० किंवा ३५०० म्हणजे एक टनाचे. एक टनात मागे दोन चाकं असलेले आणि मागे चार चाकं असलेले, म्हणजे ड्युअली, असे दोन प्रकार मिळतात.

दुसऱ्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर असतं. ट्रक, डिझेल, माणसं, सामान आणि पिनचा भार धरून ट्रकचं एकूण वजन किती असू शकतं, त्याची ही कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा. पुढच्या आणि मागच्या आसाच्या मर्यादाही तिथेच वेगळ्या दिलेल्या असतात. मित्राच्या ट्रकची एकूण मर्यादा १०,००० पाउंड होती. दहा हजारांतून दोन हजार तीनशे वजा केले की रिकाम्या ट्रकचं वजन निघतं, ७,७००. टाकीतलं डिझेल यात धरलेलं असतं. चालक धरलेला नसतो. तुम्ही स्वतःही पेलोडमध्ये मोजले जाता.

तिसरी मर्यादा ट्रक आणि ट्रेलर मिळून असलेल्या एकूण वजनाची, जीसीडब्ल्यूआर. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या आसातल्या गिअरचं गुणोत्तर यांवर ती ठरते. ओढण्याची क्षमता जिला म्हणतात ती याच मर्यादेशी बांधलेली असते.

माहितीपत्रकातला आकडा कुठून येतो

पंधरा हजार हा आकडा खोटा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. तो कसा काढतात हे कळलं की त्याचा अर्थही कळतो.

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा जाहीर करायची. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाचं प्रमाण ठरवलं. २०११ च्या मॉडेलांपासून टोयोटाने ते आधी स्वीकारलं, पुढच्या काही वर्षांत अमेरिकी कंपन्याही आल्या. या प्रमाणातली सगळ्यात प्रसिद्ध कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची आहे. कोलोरॅडो नदीजवळच्या बुलहेड सिटीपासून डोंगरात चढणारा हा साधारण साडेअकरा मैलांचा रस्ता. ऐन उन्हाळ्यातल्या, शंभर अंश फॅरनहाइटच्या गरमीत, एसी पूर्ण जोरात चालू ठेवून, जाहीर केलेला पूर्ण बोजा ओढत तो चढायचा. मागे दोन चाकांच्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही, ड्युअलीने ३५ च्या. इंजिन तापलं, काही बिघडलं, तर नापास. याशिवाय थांबलेल्या स्थितीतून वेग घ्यायच्या, चढावर गाडी हलवायच्या, ब्रेकच्या वेगळ्या कसोट्या आहेतच. चांगली, कडक परीक्षा आहे.

पण परीक्षेची गृहीतकं बघा. ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी, दोघं प्रत्येकी १५० पाउंडांचे. अडुसष्ट-अडुसष्ट किलोची दोन माणसं आणि बाकी जवळजवळ काही नाही. पोरं नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात जनरेटर नाही. फिफ्थ-व्हीलचा पिनवरचा भार १५ टक्के धरतात. घरासारख्या फिफ्थ-व्हीलमध्ये शयनकक्ष पिनच्या वर असतो आणि त्याच्याखाली सामानाचं मोठं कपाट असतं, त्यामुळे तुम्ही जे भरता त्यातलं बरंचसं पुढेच जातं. प्रत्यक्षात २०-२२ टक्क्यांच्या खाली पिन क्वचितच येतो. आणि जाहिरातीत झळकतो तो कमाल आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात अनुकूल, बहुधा हलक्या ट्रकचा असतो. तुमच्या ट्रकला नक्की किती लागू आहे हे बघायला कंपनीच्या टोइंग पुस्तिकेत इंजिन, केबिन, हौद्याची लांबी आणि आसाचं गुणोत्तर यांचा तक्ता असतो. तो शोधण्यात दहा मिनिटं गेली तरी घालवा.

ट्रेलरकडेही असाच एक फसवा आकडा असतो: कोरडं वजन. कारखान्यातून निघताना जे वजन होतं ते. त्यात पाणी नाही, बहुतेकदा बॅटऱ्या नाहीत, गॅस नाही, दुकानदाराने नंतर बसवलेल्या वस्तू नाहीत, आणि अर्थातच तुमचा संसार नाही. एका अमेरिकी गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पाउंड. पन्नास गॅलनची टाकी भरली की ४१७ पाउंड झाले. मग बिडाचा तवा, मोठा कुकर, तांदळाची वीस पाउंडांची पिशवी, कणीक, मुलांच्या चार सायकली, खुर्च्या, ग्रिल, सांडपाण्याचे पाइप, हत्यारांची पेटी. मित्राच्या ट्रेलरचं कोरडं वजन १०,४०० होतं आणि माहितीपत्रकात पिनचा कोरडा भार १,९०० लिहिला होता. आठवडाभराच्या प्रवासाला भरल्यावर ट्रेलर झाला १२,२०० आणि पिन झाला २,६६०.

म्हणून खरेदीच्या वेळी हिशेब कोरड्या वजनावर करू नका. ट्रेलरच्या स्वतःच्या स्टिकरवर त्याचं जीव्हीडब्ल्यूआर असतं, तेच धरा आणि त्याचे २२ ते २५ टक्के पिनवर येतील असं माना. ट्रेलर कधीच पूर्ण भरणार नाही, असं प्रत्येक जण म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला तो भरतो.

काटा करून घ्या

आपल्याकडे उसाचा ट्रक कारखान्यात शिरला की आधी काटा होतो. इथेही देशभर ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, आणि मोठ्या मालट्रकांइतकेच ते तुमच्यासाठीही खुले असतात. थोडक्या डॉलरांत जी माहिती मिळते ती कुठल्याही पुस्तिकेत मिळणार नाही.

आम्ही सकाळी लवकर गेलो. काट्यावर एकामागे एक वेगवेगळे फलाट असतात. पुढची चाकं पहिल्यावर, ट्रकची मागची चाकं दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर, अशी गाडी उभी करायची. मालट्रकच्या चालकाला खिडकीतून हात पोहोचेल इतक्या उंचीवर बटण असतं. मित्र खाली उतरून टाचा उंचावून ते दाबत होता. स्पीकरमधून विचारलं, पहिल्यांदा वजन करताय की पुन्हा? पहिल्यांदा, म्हणून सांगितलं. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक, त्याच माणसांसकट, पुन्हा काट्यावर आणला. दुसऱ्या वेळचे पैसे कमी पडतात.

पहिल्या चिठ्ठीवर: पुढचा आस ४,८६०, मागचा आस ६,३६०, ट्रेलरचे आस ९,५४०. एकूण २०,७६०.

दुसऱ्या चिठ्ठीवर, नुसता ट्रक: पुढचा ४,८४०, मागचा ३,७२०. एकूण ८,५६०.

आता या आकड्यांना बोलतं करू. ट्रेलरसकट ट्रकच्या दोन आसांवर होते ४,८६० अधिक ६,३६०, म्हणजे ११,२२०. नुसता ट्रक ८,५६०. फरक २,६६०. हाच पिनचा खरा भार. तो ९,५४० मध्ये मिळवला की ट्रेलरचं पूर्ण वजन १२,२००. २,६६० भागिले १२,२००, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. आणि बघा, पुढच्या आसावर फक्त वीस पाउंड वाढले. बाकी सगळा भार एकट्या मागच्या आसाने घेतला.

ट्रक आणि ट्रेलर मिळून मर्यादा होती २३,०००. आम्ही २०,७६० वर. दोन हजारांहून जास्त शिल्लक. ट्रेलरची मर्यादा १३,०००, आठशे शिल्लक. ओढण्याचा आकडा १५,०००, तिथे तर भरपूर शिल्लक. मित्राचा चेहरा उजळत होता.

मग ट्रकची स्वतःची मर्यादा: १०,०००. काट्यावर ११,२२०.

मागच्या आसाची मर्यादा ६,१००. काट्यावर ६,३६०.

दारावरच्या स्टिकरवरून हेच घरबसल्या निघालं असतं. चार माणसं ६२०, हिच १५०, केबिनमधलं सामान ९०, पिन २,६६०. बेरीज ३,५२०. पेलोड २,३००. फरक तोच, १,२२०. वहिनींनी चिठ्ठी हातात घेऊन एवढंच विचारलं, "मग दुकानात हे कुणी का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. मला राग आहे तो या गोष्टीचाच. ट्रेलर विकणारा ट्रकच्या दाराजवळ जाऊन स्टिकर वाचत नाही, ट्रक विकणारा तुम्ही कुठला ट्रेलर घेणार हे विचारत नाही, आणि मधल्या जागेत एक कुटुंब घाटातून खाली उतरत असतं.

हिशेब जमला नाही की लोक तुम्हाला एअरबॅग सुचवतात, म्हणजे मागच्या स्प्रिंगजवळ बसवायच्या हवेच्या उशा. त्यांनी ट्रकची खाली बसलेली पाठ वर येते, ट्रक सपाट दिसतो, चालवायलाही बरा वाटतो. पण दारावरचा आकडा त्याने एका पाउंडानेही वाढत नाही. आस तोच, चाकं तीच, टायर तेच, ब्रेक तेच. खाली बसलेली पाठ निदान डोळ्यांना दिसते तरी. उशा बसवल्या की तीही खूण जाते.

टायरांबद्दल मात्र स्वतः खाली वाकून वाचा. टायरच्या बाजूवर कमाल भार आणि त्यासाठी लागणारा हवेचा दाब कोरलेला असतो. मागच्या आसाची मर्यादा बहुधा टायर किंवा चाकाच्या कुवतीजवळच असते. आधीच्या मालकाने दिसायला छान पण हलके टायर घातले असतील, तर स्टिकरवरचा आकडाही तुमच्या कामाचा नाही. हिचचीही स्वतःची मर्यादा असते, ती त्याच्यावरच लिहिलेली असते. आणि 'अर्ध्या टनाला चालेल' असं म्हणून विकतात ते छोटे फिफ्थ-व्हील बघताना विशेष काळजी घ्या. साडेसात हजारांचा ट्रेलर, वीस टक्के पिन, म्हणजे दीड हजार. हिच आणि माणसं मिळवली की बावीसशेच्या पुढे. अर्ध्या टनाच्या, सगळ्या सोयींनी सजवलेल्या कितीतरी ट्रकांच्या दारावर सोळाशे-सतराशेच लिहिलेलं असतं.

हौदा किती लांब

वजन जमलं तरी एक मोजमाप उरतं. आठ फुटांच्या हौद्यात खुंटी आसावर ठेवूनही केबिनपर्यंत पुरेशी जागा उरते. साडेसहा किंवा साडेपाच फुटांच्या हौद्यात ती उरत नाही. ट्रेलर आठ-साडेआठ फूट रुंद असतो. पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पच्या जागेत मागे घेताना ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत जातो. यासाठी मागे सरकणारे हिच मिळतात. काही हिच वळताना आपोआप मागे सरकतात, काहींना आधी थांबून खटका ओढावा लागतो. हिच जितका गुंतागुंतीचा तितका तो जड, आणि तेही वजन पेलोडमधूनच जाणार. शिवाय हौद्याच्या कडा आणि ट्रेलरच्या तोंडाचा तळ यांत निदान सहा इंच मोकळे ठेवा. खड्ड्यात ट्रक एका बाजूला कलला की तेवढी जागा लागते. उंच फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकवर ट्रेलरचं तोंड वर राहतं, मग ट्रेलरच्या मागच्या आसावर जास्त भार येतो आणि तिथले टायर आधी जातात.

चढापेक्षा उतार

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० हा महामार्ग आयझनहॉवर बोगद्यापर्यंत अकरा हजार फुटांच्या वर चढतो. विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन साधारण दर हजार फुटांना तीन टक्के ताकद गमावतं. टर्बोवाल्या डिझेलला ते कमी जाणवतं. पण चढाची भीती नको. चढावर फार तर वेग पडतो. बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांच्या आसपासचा मैलोन् मैल उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी तिथे रस्त्याच्या कडेला खडीने भरलेले चढ बांधून ठेवले आहेत. ते उगाच बांधलेले नाहीत.

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरने ते किती जोरात लागावेत हे ठरवता येतं. रिकाम्या मैदानात ताशी वीस-पंचवीस मैलांवर नुसते ट्रेलरचे ब्रेक दाबून बघा. ट्रेलरने ट्रकला मागून धरल्यासारखं जाणवलं पाहिजे, चाकं मात्र लॉक होऊन घसरता कामा नयेत. जोडणी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक बारीक तार ट्रकला बांधलेली असते. ती ट्रकच्याच पक्क्या जागी बांधा, हिचला नको, कारण हिचच निसटला तर ती तार त्याच्याबरोबर जाईल आणि ओढली जाणारच नाही. उतार सुरू व्हायच्या आधी खालच्या गिअरमध्ये या, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) लावा आणि पायाचा ब्रेक दाबून धरण्याऐवजी मधूनमधून नीट दाबून सोडा. ब्रेक एकदा तापून ढिले पडले की वजनाचा प्रत्येक जास्तीचा पाउंड तुम्हाला पुढे ढकलत असतो. १,२२० पाउंडांचं मला एवढं का वाटतं, ते इथे.

परवान्याचंही बघून घ्या, कारण राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात दहा हजारांच्या वर आणि पंधरा हजारांच्या आतल्या फिफ्थ-व्हीलसाठी नेहमीच्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, त्याच्या वर बिगरव्यावसायिक अ वर्ग. टेक्सासात ट्रक-ट्रेलरच्या मर्यादांची बेरीज २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर दहा हजारांच्या वर असला की तोच अ वर्ग लागतो. मोठा ट्रक घेऊन वजनाचा प्रश्न सोडवला आणि परवान्यात अडकलो, असं व्हायला नको.

मित्राकडे दोन वाटा होत्या. त्या ट्रकला झेपेल असा ट्रेलर घ्यायचा, म्हणजे बंपरखाली जोडायचा, साधारण आठ-साडेआठ हजारांचा. किंवा ट्रक बदलायचा. मुलांनी ट्रेलरमधल्या वरच्या बंकवर आपापली नावं चिकटवून झाली होती, त्यामुळे ट्रक बदलला. त्याच कंपनीचा, त्याच इंजिनाचा, पण एक टनाचा, मागे दोनच चाकांचा. या वेळी वहिनी आधी ट्रकच्या दाराशी गेल्या आणि स्टिकरचा फोटो काढून मला पाठवला: ४,१००. एकूण मर्यादा १२,०००, मागच्या आसाची ७,०००.

जूनमध्ये पुन्हा त्याच काट्यावर गेलो. पुढचा आस ४,९८०, मागचा ६,४४०. ट्रकवर एकूण ११,४२०. ५८० पाउंड शिल्लक. मित्राने चिठ्ठीची घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली, जुन्या दोन चिठ्ठ्यांशेजारी, आणि वहिनींनी मागे वळून मुलांना पट्टे लावायला सांगितलं.